‘काळच तसा होता!’

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास २०२६ सालीं अडीचशें वर्षें पूर्ण होतात. अशा प्रसंगीं त्या राष्ट्राच्या संस्थापकांचें गुणवर्णन होणें साहजिक आहे, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. वॉशिंग्टनचें धैर्य, जेफर्सनची लेखणी, फ्रँकलिनचें चातुर्य, मॅडिसनची राज्यघटनेविषयींची दूरदृष्टि यांच्या कथा आपल्या मराठी वाचकांस परक्या नाहींत. परंतु या गुणवर्णनाच्या ओघांत कोणीं मध्येंच विचारलें कीं, माणसांच्या समानतेचा घोष करणाऱ्या या थोर पुरुषांच्या शेतांवर गुलाम कसे राबत होते, तर चर्चेस एकदम विराम देणारें एक ठराविक उत्तर येतें. तें म्हणजे, “अहो, तो काळच तसा होता!” विचारणारा वरमतो, उत्तर देणारा समाधानानें चहाचा पेला उचलतो, आणि इतिहासाचें तें पान मिटलें जातें.

आमचें म्हणणें असें कीं, हें उत्तर खोटें आहे. तें देणारे लोक दुष्ट असतात असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. उलट, ते बहुधा सुशिक्षित, समंजस आणि कोणाविषयीं वाईट बोलूं नये अशा वळणाचे असतात. म्हणूनच हें उत्तर इतकें पसरलें आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य आहे.

प्रथम या उत्तरांतील हिशेबाची लबाडी पाहूं. वॉशिंग्टननें २३ डिसेंबर १७८३ रोजीं ॲनापोलिस येथें काँग्रेसपुढें आपली सेनापतिपदाची सनद परत केली, आणि विजयी सेनेचा मान पाठीशीं असतां तो मुकाट्यानें आपल्या शेतावर परत गेला. ही गोष्ट सांगतांना ‘काळच तसा होता’ असें कोणी म्हणत नाहीं. तो वॉशिंग्टनचा स्वतःचा मोठेपणा ठरतो, आणि तसा तो होताही. पण त्याच वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील जमिनींवर १७९९ सालीं तीनशेंहून अधिक गुलाम होते, ही गोष्ट निघतांच तो मोठा पुरुष एकाएकीं काळाच्या हातांतलें बाहुलें होतो. पुण्य तेवढें माणसाच्या नांवें जमा, आणि पाप तेवढें काळाच्या नांवें खर्चीं! अशी वही एखाद्या पेढीवरच्या मुनिमानें लिहिली तर शेटजी त्यास दुसऱ्या दिवशीं घरीं बसवतील. काळ जर सर्वसमर्थ असेल, तर सनद परत करण्याचें श्रेयही काळालाच द्या. आणि माणूस जर आपल्या कृत्याचा धनी असेल, तर दोन्ही कृत्यांचा धनी त्यालाच करा. मधला मार्ग नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, त्याचें उत्तर आधींच देऊन ठेवतों. आजचीं मापें घेऊन तीनशें वर्षांमागील माणसांस मोजणें हा अन्याय होय, असें म्हणतात. आम्हांस तें मान्य आहे. आम्ही आजचें माप वापरणारच नाहीं. त्या काळाचेंच माप त्या काळास लावूं, आणि त्या काळांतील साक्षीदारांसच बोलावूं. मग तो काळ ‘तसा’ होता कीं कसा, हें वाचकांनींच ठरवावें.

पहिला साक्षीदार अगदीं आरंभीचा आहे. कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं बहामा बेटांपैकीं एका बेटावर उतरला. १४९५ च्या आरंभीं त्यानें हिस्पानिओला बेटावरील तैनो जातीच्या सुमारें पांचशें स्त्रीपुरुषांस जहाजांत भरून विक्रीसाठीं स्पेनला पाठविलें. त्यांतील सुमारें दोनशें वाटेंतच मेले. स्पेनच्या राजाराणीनें आधीं विक्रीस परवानगी दिली, आणि चारच दिवसांनीं ती थांबविली. कां? तर अशी विक्री न्यायास धरून आहे कीं नाहीं, हें धर्मशास्त्र्यांस व कायदेपंडितांस विचारावयाचें होतें म्हणून. १५०० सालीं अशा बंदीवानांपैकीं हयात असलेल्यांस मुक्त करून मायदेशीं पाठविण्याचा हुकूमही निघाला. म्हणजे गुलामांचें पहिलें मोठें जहाज बंदरास लागतें न लागतें तोंच राजदरबारास शंका आली होती. ती शंका पुढें लोभानें गिळली, ही गोष्ट वेगळी. पण शंकाच नव्हती असें म्हणतां येणार नाहीं.

दुसरा साक्षीदार आंतोनियो दे मोंतेसिनोस नांवाचा एक डोमिनिकन पाद्री. १५११ च्या डिसेंबरांत, नाताळपूर्वीच्या रविवारीं, सांतो दोमिंगो येथील देवळांत त्यानें वसाहतवाल्यांस तोंडावर विचारलें कीं, या इंडियन लोकांस तुम्ही कोणत्या अधिकारानें आणि कोणत्या न्यायानें असें दास्यांत ठेवतां. हे लोक माणसें नाहींत काय? श्रोत्यांत कोलंबसाचा मुलगा दिएगो हा गव्हर्नर बसलेला होता. मंडळी खवळली; पुढील रविवारीं आपले शब्द मागें घे असा आग्रह झाला. पुढील रविवारीं तो पुन्हां उभा राहिला, आणि तेंच अधिक कठोर शब्दांत बोलला. बार्तोलोमे दे लास कासास हा त्या वेळीं स्वतः इंडियन मजुरांचा धनी होता. १५१४ सालीं त्यानें आपला वांटा सोडून दिला, आणि पुढील पन्नास वर्षें तो त्या लोकांची बाजू लढत राहिला. या लास कासासनेंच एके काळीं इंडियनांऐवजीं आफ्रिकी गुलाम आणावे अशी सूचना केली होती, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण त्या सूचनेचा पश्चात्तापही त्यानेंच आपल्या हातानें लिहून ठेविला आहे. १५५० व १५५१ सालीं बायाडोलिड येथें राजाज्ञेनें पंडितसभा भरली, आणि लास कासास व सेपुल्वेदा यांच्यामध्यें याच प्रश्नावर वाद झाला. ज्या प्रश्नावर राजानें पंडितांची सभा भरविली, तो प्रश्न त्या काळास सुचलाच नव्हता, असें आज आपण कोणत्या तोंडानें म्हणावें?

कोणी म्हणेल, हे स्पॅनिश पाद्री झाले. पुढें ज्यांनीं प्रजासत्ताक उभारलें त्या इंग्रज वसाहतींचें काय? तर आतां उत्तरेकडे वळूं. १६१९ च्या ऑगस्टांत व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्ट या ठिकाणीं वीसाहून कांहीं अधिक आफ्रिकी माणसें एका जहाजांतून उतरविण्यांत आलीं. त्या वेळीं व्हर्जिनियांत जन्मभराच्या आणि पिढीजाद गुलामगिरीचा कायदा नव्हता. आलेल्या आफ्रिकनांपैकीं कांहीं जण पुढें स्वतंत्रही झाले; अँथनी जॉन्सन नांवाच्या अशा एका गृहस्थाच्या नांवें १६५१ सालीं अडीचशें एकर जमीन होती. एलिझाबेथ की नांवाच्या स्त्रीनें, आपला बाप इंग्रज होता आणि आपला बाप्तिस्मा झाला आहे, या दोन आधारांवर दावा मांडून १६५६ सालीं आपली मुक्तता मिळविली. मग काळ ‘तसा’ झाला कसा? तो कायद्यानें करण्यांत आला. इंग्रजी रिवाजाप्रमाणें मूल बापाच्या दर्जाचें होत असे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें १६६२ सालीं तो रिवाज उलटा फिरविला आणि मूल आईच्या दर्जाचें ठरविलें. त्यामुळें धन्यापासून दासीस झालेलें मूलही धन्याचीच मालमत्ता झाली. १६६७ सालीं बाप्तिस्म्यानें गुलामगिरी सुटत नाहीं असा कायदा केला. १६६९ सालीं शिक्षा करतांना गुलाम मेला तर धन्यावर खुनाचा गुन्हा होऊं नये असें ठरविलें. १७०५ सालीं हे सारे धागे एकत्र विणून गुलामांची सविस्तर संहिता तयार झाली.

राजा हा काळाचें कारण असतो, काळ राजाचें नव्हे, असें आपल्या जुन्या राजनीतीनें सांगून ठेविलें आहे. त्याचें याहून स्वच्छ उदाहरण शोधून सांपडणार नाहीं. एलिझाबेथ कीनें ज्या दोन दारांतून सुटका करून घेतली, तींच दोन दारें पुढील अकरा वर्षांत बंद करण्यांत आलीं. ज्यांनीं तीं बंद केलीं ते तंबाखूच्या शेतांचे मालक होते, आणि काय करीत आहों हें त्यांस पुरतें कळत होतें. आपणच भिंत बांधावयाची, आणि नातवांनीं मग ‘येथें पूर्वीपासून भिंतच आहे’ म्हणून सांगावयाचें, असा हा न्याय आहे.

ही भिंत चढत असतांना जवळ उभे राहून ‘हें करूं नका’ म्हणणारे लोक प्रत्येक पिढींत होते. जमिनीच्या बाबतींत पाहा. इंग्लंडच्या राजानें न पाहिलेली जमीन तो दुसऱ्यास दान देऊं शकत नाहीं, ती तेथील मूळ रहिवाशांची आहे, असें रॉजर विल्यम्स मॅसॅच्युसेट्समध्यें सांगूं लागला. १६३५ सालीं त्याला ज्या मतांसाठीं हद्दपार करण्यांत आलें त्यांत हें एक होतें. त्यानें नारागान्सेट लोकांकडून जागा मिळवून १६३६ सालीं प्रॉव्हिडन्स गांव वसविलें. गुलामगिरीच्या बाबतींत पाहा. १६८८ सालीं पेनसिल्व्हेनियांतील जर्मनटाउन येथें चार गृहस्थांनीं आपल्या क्वेकर पंथबंधूंपुढें लेखी निषेध मांडला. दुसऱ्यानें आपल्याशीं जसें वागावें असें आपणांस वाटतें, तसेंच आपण दुसऱ्याशीं वागावें; मग माणसें चोरून विकणें कोणत्या नियमांत बसतें, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. वरिष्ठ सभांनीं ‘विषय फार वजनदार आहे’ असें म्हणून तो कागद बाजूस ठेविला. विषय वजनदार आहे हें त्यांस कळलें, हीच आमची साक्ष! त्याच पंथाच्या फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेनें १७७६ सालीं गुलाम बाळगणाऱ्यांस पंथाबाहेर काढण्याचा निर्णय केला. म्हणजे कागद बाजूस ठेवल्यापासून तो अंमलांत येईपर्यंत अठ्ठ्याऐंशीं वर्षें गेलीं. त्या वर्षांत ज्यांचे जन्म गुलामगिरींत गेले त्यांस ‘काळ’ आडवा आला, कीं पंथबंधूंची सोय?

१७०० सालीं बॉस्टनचा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका छापली. चेटकिणींच्या खटल्यांत निरपराध लोकांस फांशीं दिल्याबद्दल ज्यानें १६९७ सालीं भर प्रार्थनामंदिरांत उभें राहून चूक कबूल केली, तोच हा न्यायाधीश. जॉर्जिया वसाहतींत तर १७३५ पासून गुलामगिरीस बंदी होती. बंदी उठवावी म्हणून कांहीं वसाहतवाले ओरडूं लागले, तेव्हां डेरियन गांवच्या स्कॉटिश शेतकऱ्यांनीं १७३९ सालीं उलट अर्ज केला, आणि एका मनुष्यजातीस व तिच्या वंशजांस कायमचें दास्यांत टाकणें मनुष्यस्वभावास धक्कादायक आहे असें त्यांत लिहिलें. तरीही ती बंदी पुढें १७५० च्या सुमारास उठविण्यांत आली. ज्या वसाहतींत गुलामगिरी नव्हती तेथें ती मुद्दाम मागून आणली गेली. तीही काळानेंच आणली काय?

आतां राज्यक्रांतीकडे येऊं. १७७३ व १७७४ सालीं मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनीं तेथील सरकारपुढें अर्ज केले. तुम्ही स्वातंत्र्य मागत आहां, तें आम्हांसही द्या, एवढेंच त्यांचें मागणें होतें. ‘त्या काळीं लोकांस असेंच वाटे’ असें म्हणतांना आपण हे अर्जदार लोकांत धरतच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. १७७६ सालीं जेफर्सननें जाहीरनाम्याचा जो मसुदा केला, त्यांत गुलामांच्या व्यापाराचें पातक इंग्लंडच्या राजाच्या माथीं मारणारा एक जळजळीत परिच्छेद होता. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया यांस तो रुचला नाहीं, उत्तरेकडील कांहीं व्यापाऱ्यांसही तो बोंचला, आणि काँग्रेसनें तो काढून टाकला. जें खोडावें लागलें, तें आधीं कोणाच्या तरी मनांत आलें होतें, हें सांगावयास पंडित नको.

पुढें काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. व्हर्माँटनें १७७७ च्या आपल्या घटनेंत प्रौढांची गुलामगिरी निषिद्ध ठरविली. पेनसिल्व्हेनियानें १७८० सालीं ती क्रमाक्रमानें बंद करण्याचा कायदा केला. मॅसॅच्युसेट्समध्यें एलिझाबेथ फ्रीमन या दासीनें, राज्याच्या घटनेंत सर्व माणसें स्वतंत्र व समान म्हटलीं आहेत तर मी गुलाम कशी, असा दावा मांडून १७८१ सालीं ज्यूरीकडून आपली सुटका करून घेतली. पुढें क्वॉक वॉकरच्या प्रकरणांत मुख्य न्यायाधीश कुशिंग यानें १७८३ सालीं, गुलामगिरी या घटनेशीं विसंगत आहे असें ज्यूरीस सांगितलें. १७९० च्या शिरगणतींत मॅसॅच्युसेट्सच्या नांवापुढें गुलामांच्या रकान्यांत शून्य आहे. काळ तर एकच होता. मग शून्य एका राज्यांत कां, आणि शेजारच्या कित्येक राज्यांत कां नाहीं?

अशा या काळांत १७८७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें घटनासभा भरली. तेथें आलेल्या पंचावन्न प्रतिनिधींपैकीं सुमारें पंचवीस जण गुलामांचे धनी होते. या सभेनें तीन कलमें केलीं. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांमागें तीन माणसें धरावीं. म्हणजे मत गुलामास नाहीं, पण त्याच्या डोक्याचें वजन त्याच्या धन्याच्या राज्यास मिळावें. गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत काँग्रेसनें बंद करूं नये. आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यांत सांपडल्यास तो धन्यास परत करावा. गुव्हर्नर मॉरिस या पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधीनें ८ ऑगस्ट रोजीं सभेंत विचारलें कीं, हे गुलाम माणसें असतील तर त्यांस नागरिक करा आणि मत द्या. मालमत्ता असतील तर बाकीची मालमत्ता कां मोजीत नाहीं? याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें. उत्तर नव्हतें म्हणूनच कीं काय, साऱ्या घटनेंत ‘गुलाम’ हा शब्द कोठेंही येऊं दिला नाहीं. ‘इतर व्यक्ति’, ‘सेवेस बांधलेली व्यक्ति’ असे आडपडदे वापरले. माणूस मालमत्ता होऊं शकतो ही कल्पना घटनेंत येऊं देणें बरोबर नाहीं, असें स्वतः मॅडिसननें सभेंत सांगितलें. जी गोष्ट त्या काळास निर्दोष वाटत होती, तिला बुरखा कशासाठीं? जो लपवितो त्यास कळलेलें असतें, हा न्याय आपण घरांतल्या पोरांनाही लावतों.

याच वर्षीं, याच उन्हाळ्यांत, १३ जुलै रोजीं न्यूयॉर्क येथें बसलेल्या काँग्रेसनें ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठीं कायदा केला आणि त्यांत गुलामगिरीस स्पष्ट बंदी घातली. एका शहरांत ती निषिद्ध ठरत होती, आणि दुसऱ्या शहरांत तिला कुंपण घातलें जात होतें.

आतां प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊं. तो असा कीं, ही तडजोड न केली तर दक्षिणेकडील राज्यें संघांत आलीं नसतीं; संघ नसता तर प्रजासत्ताकच नसतें. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया यांनीं तशी धमकी खरोखर दिली होती. परंतु ही धमकी आणि तिच्यापुढें केलेली मानतुकवणी ही माणसांची निवड होय, काळाची सक्ति नव्हे. शिवाय प्रत्यक्षांत जें दिलें गेलें तें धमकीपुरतेंच दिलें काय? समितीनें व्यापाराची मुदत १८०० पर्यंत सुचविली होती. ती आणखी आठ वर्षांनीं वाढवावी असा ठराव आला, आणि तो सात विरुद्ध चार राज्यांनीं पास झाला. विरुद्ध मत देणाऱ्या चारांत गुलामांनीं भरलेलें व्हर्जिनिया होतें. आणि बाजूनें मत देणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर व कनेक्टिकट हीं उत्तरेकडील जहाजवाल्या व्यापाऱ्यांचीं राज्यें होतीं! नौकानयनाचे कायदे साध्या बहुमतानें करतां यावे, ही त्या व्यापाऱ्यांची इच्छा त्याच सौद्यांत पुरी झाली. दक्षिण कॅरोलिनानें १८०३ सालीं हा व्यापार पुन्हां खुला केला, आणि पुढील चार वर्षांत एकट्या चार्ल्स्टन बंदरांत सुमारें चाळीस हजार आफ्रिकी माणसें उतरविलीं गेलीं. जहाजांच्या भाड्यासाठीं केलेल्या या देवघेवीस राष्ट्ररक्षणाचा टिळा लावूं नये, एवढीच आमची विनंती आहे. आणि ज्या ऐक्यासाठीं हें सारें केलें, तें तरी टिकलें काय? १८६१ सालीं तें याच कारणानें फुटलें, आणि तें सांधण्यास सहा लाखांहून अधिक माणसें मरावीं लागलीं.

व्यक्तींकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. फ्रँकलिननें तरुणपणीं गुलाम बाळगले होते, आपल्या वृत्तपत्रांत त्यांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या होत्या. तोच म्हातारा १७९० सालीं, मृत्यूपूर्वीं दोन महिने, गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष म्हणून काँग्रेसपुढें अर्ज करतो. आणि जॉर्जियाच्या प्रतिनिधीनें गुलामगिरीची तरफदारी केली तेव्हां अल्जीरियाच्या एका कल्पित सरदाराच्या तोंडीं तेच युक्तिवाद घालून, ख्रिस्ती लोकांस गुलाम करणें कसें योग्य आहे, असा उपहासलेख लिहितो. व्हर्जिनियांतीलच रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदारानें १७९१ सालीं साडेचारशेंहून अधिक गुलामांस मुक्त करण्याचा दस्त करून दिला. त्याच साली बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णी गणितज्ञानें जेफर्सनला पत्र लिहून त्याच्याच जाहीरनाम्याची आठवण करून दिली. जेफर्सननें सभ्यपणाचें उत्तर पाठविलें. १८२६ सालीं तो वारला, आणि पुढील जानेवारींत त्याचें कर्ज फेडण्यासाठीं त्याच्या माँटिचेलो येथें सुमारें १३० माणसांचा लिलांव पुकारण्यांत आला. कार्टर आणि जेफर्सन एकाच राज्यांत, एकाच कायद्याखालीं, एकाच काळांत राहत होते.

आणि वॉशिंग्टन? त्यानें आपल्या मृत्युपत्रानें स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांस मुक्त करण्याची तजवीज केली. हें त्याच्या जमेस धरलेंच पाहिजे. परंतु तो राष्ट्राध्यक्ष म्हणून फिलाडेल्फियांत राहत असतां, पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानें सहा महिन्यांनीं गुलाम मुक्त होऊं शकतील या धास्तीनें, त्यांस मुदतीपूर्वीं राज्याबाहेर नेऊन परत आणण्याची युक्ति योजण्यांत आली. गुलामांस आणि लोकांसही त्याचा सुगावा लागूं नये, अशा बहाण्यानें हें करावें, असें त्यानें १७९१ सालीं आपल्या चिटणिसास लिहिलें. लोकांस जर त्यांत कांहींच गैर वाटत नव्हतें, तर लोकांपासून लपवावयाचें कां? त्याच घरांतून ओना जज ही तरुण दासी १७९६ सालीं धनी जेवत असतां निघून गेली आणि न्यू हॅम्पशायरला पोहोंचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. ती गेली नाहीं. त्या काळाविषयीं तिचें काय मत होतें, हें तिच्या पायांनीं सांगितलें.

शेवटीं आंकड्यांकडे एकवार पाहावें. १७९० सालीं साऱ्या संयुक्त संस्थानांची लोकसंख्या सुमारें ३९ लाख, आणि त्यांत गुलाम सुमारें ७ लाख होते. १८६० सालीं एकट्या गुलामांची संख्या सुमारें ३९ लाखांवर गेली होती. प्रजासत्ताक जन्मलें तेव्हां त्यांत जितकीं माणसें होतीं, तितके गुलाम सत्तर वर्षांत त्यानें निर्माण केले. १७८९ पासून १८३७ पर्यंतच्या ४८ वर्षांपैकीं ४० वर्षें राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर गुलामांचा धनी बसलेला होता. काळ आपोआप माणसास सुधारतो असें मानणाऱ्यांनीं हे आंकडे भिंतीवर लिहून ठेवावे.

मराठी वाचकानें सात समुद्रांपलीकडील या वादांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर जोतीराव फुले यांनीं १८७३ सालींच देऊन ठेविलें आहे. आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनीं अमेरिकेंतील सदाचारी लोकांस, त्यांनीं गुलामांस दास्यांतून मुक्त केलें म्हणून, अर्पण केला. जोतीरावांनीं तो काळास अर्पण केला नाहीं, हें लक्षांत ठेवावें. गुलामांस माणसांनीं मुक्त केलें, आणि त्यांत स्वतः गुलामही होते, हें पुण्यांत बसून त्यांना कळलें होतें. त्यांचा तो ग्रंथ आमच्या घरच्या दास्याविषयीं होता. आणि आमच्या घरींही हेंच उत्तर तयार असतें. आजोबांच्या विहिरीवर कोणास पाणी भरूं देत नसत, आजीस अक्षर कां येत नव्हतें, घरांतली विधवा आत्या माजघराच्या अंधारांत कां बसे, असें मुलांनीं विचारलें कीं आम्ही म्हणतों, “काळच तसा होता.” तो काळ कोणता? ज्या काळांत जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मुलींस शिकविलें, तोच. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. आणि एकुणसाठ वर्षांनीं, १९२७ सालीं, महाडच्या तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. पुण्यांतील एका घरच्या हौदाजवळ जो काळ होता, तोच काळ शेजारच्या घरींही होता.

पूर्वजांस शिव्या द्याव्या, त्यांचे पुतळे पाडावे, असें आम्ही सांगत नाहीं. वडील माणसांचे दोष ओळखूनही त्यांचा मान राखतां येतो. आपल्या घरांतून तें आपण रोज करतों. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, मुलांनीं प्रश्न विचारला असतां काळाच्या पदराआड लपूं नये. ‘त्यांना कळत होतें, कांहींनीं केलें, कांहींनीं केलें नाहीं, आपल्या माणसांनीं केलें नाहीं,’ एवढीं तीन वाक्यें सांगण्याचें धैर्य घराघरांत आलें पाहिजे. कारण आजही आपल्यांतील कोणी तरी एक कागद पुढें करीत असेल, आणि विषय फार वजनदार आहे म्हणून आपण तो बाजूस ठेवीत असूं. आपलीं नातवंडें आपल्याविषयीं विचारतील तेव्हां, ‘काळच तसा होता’ हें उत्तर त्यांनीं मानूं नये, अशीच आमची इच्छा आहे.